वेलांटीचं अतिक्रमण

वळ गावच्या तरे कंपाउंडमध्ये जमिनीवरून भांडण झालं नाही असं वर्ष कधी गेलं नव्हतं, पण वेलांटीवरून भांडण त्या दुपारी पहिल्यांदाच झालं.

भांडण काढलं राघोशेठनं. कमिटीच्या ऑफिसात सगळे भाऊबंद जमले होते, चहाचे ग्लास फिरत होते, आणि राघोशेठ आपला मोबाईल क्षितिजाच्या नाकासमोर नाचवत होता.

"बघ गो पोरी, नीट बघ. तुझ्या काकाची वेलांटी माझ्या गोडाऊनात घुसली हाय. नी ते वरचं टिंब तर पार माझ्या मोरीत पडलंय."

क्षितिजानं बघितलं. राघोशेठ खोटं बोलत नव्हता. नकाशावर खालचं गोडाऊन तिच्या काकांचं, म्हणजे चिंतामणीशेठचं, आणि वरचं राघोशेठचं. मोबाईलच्या चिमुकल्या पडद्यावर 'चिंतामणी'मधली वेलांटी मधली रेघ ओलांडून खुशाल शेजाऱ्याच्या घरात शिरली होती.

"राघोकाका, ते फक्त अक्षर आहे," ती म्हणाली.

"आज अक्षर हाय. उद्या पत्रा येल."

यावर हसावं की रडावं हे तिला कळेना, पण बाकी कोणी हसत नव्हतं. हसतील कसे? राघोशेठचा बाप आणि चिंतामणीशेठचा बाप, दोघांचं आयुष्य एकमेकांचा बांध कोरण्यात गेलं होतं. एकानं उन्हाळ्यात फावड्यानं वीतभर कोरायचा, दुसऱ्यानं पावसाळ्यात वीतभर परत घ्यायचा. पुढे भातखाचरं गेली, पत्र्याची गोडाऊनं उभी राहिली, बांधाच्या जागी भिंत आली, पण बांध कोरायची आणि कोरला की काय ते बघायची सवय मात्र दोन्ही घरांच्या रक्तात राहून गेली. भिंत कोरता येत नाही हेच काय ते दुःख.

नकाशा करायचं काम क्षितिजाकडे आलं त्यालाही एक भांडणच कारणीभूत होतं. सुरतेहून, इंदूरहून, कुठून कुठून माल घेऊन ट्रेलर यायचे आणि ड्रायव्हर कंपाउंडात गोल गोल फिरत राहायचे. म्हणून कमिटीनं गोडाऊनांना नंबर घालायचं ठरवलं, तर एक नंबर कोणाचा यावरून कमिटीच फुटायची वेळ आली. शेवटी नंबर नकोत, नावंच बरी, असं ठरलं. क्षितिजा ठाण्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकून आलेली, घरी बसून ट्रान्सपोर्टवाल्यांच्या वेबसाइट करणारी. घरचीच पोरगी, काम नीट करील, आणि ओरडलं तर उलट बोलणार नाही, असा हिशेब करून चिंतामणीशेठनं काम तिला दिलं. तेच कमिटीचे अध्यक्ष. घरात बाबांनी बजावलं होतं, "मोठ्या भावाचं काम हाय. नीट कर."

नकाशा असा हवा होता की ऑफिसातल्या भिंतीएवढ्या टीव्हीवर उघडला तर मोठा दिसावा आणि ड्रायव्हरच्या मोबाईलवर उघडला तर लहान, पण प्रत्येक गोडाऊनात मालकाचं नाव वाचता यावं. ऐकायला सोपं. चौकोन ताणले की ताणले जात होते, आवळले की आवळले जात होते. नावं मात्र ऐकत नव्हती. पहिल्यांदा तिनं सगळ्या अक्षरांचा आकार एकच ठेवला, तर मोबाईलवर सगळे भाऊबंद एकमेकांच्या मांडीवर बसले. मग पडद्याबरोबर अक्षरं लहानमोठी होतील असं केलं, तर या वेलांट्या बाहेर यायला लागल्या. इंग्रजी अक्षरं बिचारी आपापल्या ओळीत गुमान बसतात. आपल्या अक्षरांना वर हात आणि खाली पाय. तिनं धड मोजलं होतं आणि हातपाय मोजायचे राहून गेले होते.

"हे बघा," चिंतामणीशेठ टेबलावर बोटं वाजवत म्हणाले, "माझी वेलांटी मी मागे घेतो. पण मग त्याचा 'घो' पण मागे जाऊ दे. माझ्या शटरवर लोंबतोय तो!"

राघोच्या घ मधलं काहीतरी खाली उतरलं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. क्षितिजाला ते काही दिसेना, पण वादात दोन्ही बाजूंनी काहीतरी घुसलेलं असावं लागतं हा गावचा नियम तिला ठाऊक होता.

अखेर ठराव झाला. ज्याचं नाव त्यानं आपल्या हद्दीत ठेवावं. मात्रा, वेलांटी, उकार, रफार, टिंब, यांतलं काहीही शेजाऱ्याच्या हद्दीत गेलेलं चालणार नाही. अशा मजकुराचा ठराव जगात दुसऱ्या कुठल्या कमिटीनं केला असेल असं वाटत नाही. तो लिहून घेताना क्षितिजानं ओठ दाताखाली धरून ठेवला होता.

घरी जाऊन तिनं काम नव्यानं केलं. आता प्रत्येक नाव डोक्यापासून पायापर्यंत मोजलं जाई, मग त्या गोडाऊनाची आतली जागा मोजली जाई, आणि अक्षरं इतकीच वाढत की त्यांचं कुठलंही टोक भिंतीला टेकू नये. पडदा ताणा, आवळा, नाव आपल्या घरात. आणि गोडाऊनच इतकं अरुंद असलं की त्यात कुठलंही नाव आडवं वाचता येणार नाही, तिथे नाव दाखवायचंच नाही. ही शेवटची ओळ तिनं जाता जाता लिहिली. बारीक मुंग्या कशाला दाखवायच्या, एवढाच तिचा विचार.

काम झकास झालं, आणि तिथेच घोडं अडलं.

राघोशेठचं गोडाऊन चिंतामणीशेठच्या निम्मंही नव्हतं. पण त्यानं नाव लिहून देताना नुसतं 'राघो' एवढंच दिलं होतं. शब्द खर्च करायलाही त्याच्या जिवावर यायचं. दोन अक्षरं ती, घर मिळाल्यावर अशी ऐसपैस पसरली की टीव्हीवर दुरून आधी राघो दिसायचा आणि मग कंपाउंड दिसायचं.

आणि चिंतामणीशेठ? त्यांचा मुलगा देवेश बॅनरच्या बाबतीत गावात पहिला. वाढदिवस असो, नवी गाडी असो, देवेशचा बॅनर नाक्यावर लागलाच. त्यानं बापाचं नाव बॅनरवरून जसंच्या तसं उचलून दिलं होतं: 'कार्यसम्राट मा. श्री. चिंतामणीशेठ दामोदर तरे, माजी सरपंच, अध्यक्ष तरे कंपाउंड.' एवढी वरात एका गोडाऊनात बसवायची तर अक्षरांनी अंग चोरायला नको? टीव्हीवर ती कशीबशी वाचता यायची. मोबाईलवर मात्र कंपाउंडातल्या सगळ्यात मोठ्या गोडाऊनाच्या मधोमध एक बारीक रेघ दिसे. ड्रायव्हरांना वाटे, भिंतीला तडा गेलाय. मग ते आपले ठळक नाव बघून गाडी राघोच्या दारात लावत, आणि राघो हसतमुखानं त्यांना चहा पाजून म्हणे, "शेठ का गोडाऊन? वो नीचे है, भाई. दिखता नहीं है ना? छोटा है."

हे चिंतामणीशेठच्या कानावर गेलं, आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्यांनी क्षितिजाला गोडाऊनावर बोलावून घेतलं. आत हमाल कापडाचे तागे रचत होते. शेठनी खुर्ची ओढून दिली, चहा मागवला, आणि देवेशलाही बाहेर पाठवलं. काका इतकं गोड वागायला लागले की काहीतरी कडू गिळायला लावणार, हे घरातल्या लहान पोरांनाही ठाऊक होतं.

"माणूस मोठा, गोडाऊन मोठं, तर अक्षर बारीक कसं?"

"काका, नाव लांब आहे. थोडं कमी केलं तर..."

"काय कमी करू? सरपंच नव्हतो मी?"

"होतात."

"दामोदर माझा बाप नव्हता?"

मग शेठनी टेबलावर नकाशाचा कागद पसरला आणि एका जागी बोट ठेवलं.

"ही आक्काची पट्टी. हिच्यात नाव काही दिसत नाही. रिकामीच दिसते. ही मधली रेघ काढून टाक. पट्टी माझ्या गोडाऊनात धर, म्हणजे जागा वाढेल, अक्षर आपोआप मोठं होईल. फक्त नकाशावर गं. कागदोपत्री काही नाही."

क्षितिजाच्या हातातला चहा तसाच राहिला.

आक्का म्हणजे चिंतामणीशेठची आणि क्षितिजाच्या बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन दापोड्याला गेली, नवरा गेला, तशी परत आली, आणि आई गेल्यावर दोन्ही भावांना तिनंच वाढवलं. पुढे जमिनीला सोन्याचे दिवस आले. तेव्हा गावची रीत अशी, की भावानं बहिणीला साडी घ्यायची आणि बहिणीनं तलाठ्याच्या दारात हक्कसोडीवर सही करायची. घरोघरच्या बहिणींनी सह्या केल्या. आक्कानं साडी घडी करून परत दिली. "साडी नको. जमीन दे. कितीबी दे, पण माझी म्हणून दे." बरेच दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. शेवटी चिंतामणीशेठनी आपल्या आणि बाजूच्या गोडाऊनाच्या मधली उरलेली पट्टी दिली, रस्त्यापासून पार खाडीपर्यंत लांब आणि रुंदीला जेमतेम एक टेम्पो जाईल एवढी. ती घेईल असं त्यांना वाटलं नव्हतं. तिनं घेतली, वर पत्रा टाकला, शटर लावलं, कपड्याच्या एका व्यापाऱ्याला भाड्यानं दिली आणि शटरपाशी खुर्ची टाकून बसायला लागली.

तीच पट्टी क्षितिजाच्या नकाशावर बिननावाची झाली होती. आडवं नाव त्या अरुंद जागेत मावत नव्हतं, म्हणून तिच्याच त्या जाता जाता लिहिलेल्या ओळीनं आक्काला पुसून टाकलं होतं. आपण मुंग्या झाडायला गेलो आणि घरातलं माणूस झाडलं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त काकांचा राग आला.

"बघते," एवढंच ती म्हणाली.

"बघते नको. रविवारी नव्या गेटाची पूजा हाय, तेव्हा सगळ्यांसमोर टीव्हीवर लावायचंय. नाही जमलं तर ठाण्याचा एक जण हाय देवेशच्या ओळखीचा. तो करील."

बाहेर आली तर आक्का समोरच खुर्चीवर, मशेरीची डबी मांडीवर. क्षितिजा तिच्याजवळ पायरीवर बसली. सांगावं की नाही याचा विचार करत होती, तेवढ्यात आक्कानंच विचारलं.

"त्या नकाशात मी हाय का न्हाय गो?"

"रेघ आहे आक्का. नाव नाही."

"नी चिंतू काय बोलला? रेघ पण नको?"

"तुला कसं कळलं?"

"त्याला मी आंघोळ घातलीय. आतनं चहा मागवलेला दिसला तवाच समजले." आक्कानं डबी बंद केली. तिचा आवाज शांत होता, पण डबीचं झाकण तिनं दोनदा दाबलं. "फक्त नकाशावर, असं बोलला असंल. म्हातारी मेल्याचं दुःख न्हाय गो, काळ सोकावतो. आज नकाशावर न्हाय, उद्या ड्रायव्हरच्या तोंडी न्हाय, परवा मी मेले की कोन सांगनार इथं कोनाची पट्टी व्हती?"

"मी नाही काढणार रेघ," क्षितिजा म्हणाली. बोलून गेल्यावर तिला वाटलं, बाबा काय म्हणतील.

"न्हाय काढलीस तर दुसरा काढील. त्याला वाटतंय जागा कमी पडतेय. तेच त्याच्या डोक्यातनं काढलं पायजे." मग आक्काच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून क्षितिजाला आपल्या लहानपणाची आक्का दिसली, चुलीमागून पोरांना गूळ चोरून द्यायची ती. "मना सांग, रविवारी टीव्हीपाशी तू बसनार ना? नी नाव लिवायचं, खोडायचं, तितल्या तितं करता येतं ना?"

"येतं."

"मग झालं."

उरलेल्या दिवसांत क्षितिजानं दोन गोष्टी केल्या. ती मुंग्यांची ओळ काढून टाकली. आणि आकार रुंदीपेक्षा लांब असेल तर नाव आडवं न ठेवता लांबीच्या बाजूनं वळवायचं, असं लिहिलं. करून बघितलं आणि एकटीच हसली. काकांच्या गोडाऊनाची रेघ मात्र तिनं केसाइतकीही हलवली नाही.

रविवारी गेटाला हार घातले, नारळ फुटला, आणि सगळे भाऊबंद बायकापोरांसह ऑफिसात येऊन दाटीवाटीनं बसले. देवेश डोळ्यांवर काळा गॉगल चढवून टीव्हीशेजारी उभा. चिंतामणीशेठ मधल्या खुर्चीत, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. त्यांच्या पलीकडे राघोशेठ, आणि बायकांच्या पुढे आक्का. क्षितिजानं आक्काचं नाव मुद्दामच काढून ठेवलं होतं. तिनं नकाशा उघडला.

राघो उघडला. बाकी सगळेही उघडले. आणि खाली मधोमध, तीच ती बारीक वरात. शेजारी पट्टीची रेघ, जिथल्या तिथे.

चिंतामणीशेठ खुर्चीतच क्षितिजाकडे वळले.

"तुला सांगितलं होतं ना?"

"काय सांगितलं व्हतं रं?" आक्कानं मागून भोळेपणानं विचारलं.

सगळ्या भावकीसमोर, गेटाला नुकताच नारळ फोडून, 'थोरल्या बहिणीची रेघ पुसायला सांगितली होती' असं कसं बोलणार? इकडे आड तिकडे विहीर.

"अक्षर मोठं करायला," शेठ शेवटी म्हणाले.

"मग कर की गो पोरी. अध्यक्षाचं अक्षर बारीक कसं चालंल?"

"मोठं होतं काका," क्षितिजा म्हणाली. "फक्त नाव थोडं कमी करावं लागेल. 'अध्यक्ष' काढून बघू? इथे सगळ्यांना माहीतच आहे."

शेठनी नाइलाजानं मान हलवली. तिनं 'अध्यक्ष तरे कंपाउंड' खोडलं. तसं उरलेलं नाव सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टम्म फुगलं. मागून कोणीतरी पोरानं टाळी वाजवली.

"अरे वा," शेठ म्हणाले. त्यांचं मन नसताना म्हणाले.

"माजी सरपंच?"

"त्याला बरीच वर्षं झाली तशी," कोणीतरी म्हणालं.

खोडलं. फुगलं. आता शेठ खुर्चीत पुढे सरकून बसले. अक्षरं मोठी होताना बघणं ही मोठी वाईट चटक आहे, ती एकदा लागली की माणूस लहान पोरासारखा होतो. "मा. श्री. काढ," ते स्वतःच म्हणाले. "त्याचा काय उपयोग? दामोदर पण काढ. तरे काय, इथे सगळेच तरे."

"पप्पा, कार्यसम्राट राहू द्या!" देवेश गॉगल काढून ओरडला.

"गप रे. काढ ते."

'चिंतामणीशेठ' राहिलं. चांगलं ठसठशीत दिसत होतं. पण त्याच्याच डोक्यावर, निम्म्या घरात, राघो अजून त्याच्याहून मोठा होता. राघोशेठनं फक्त मिशीवरून बोट फिरवलं. तेवढं पुरलं.

"शेठ काढ," चिंतामणीशेठ दात आवळून म्हणाले.

'चिंतामणी'. अजून राघोच मोठा. आता खोडायला काही शिल्लक नव्हतं. शेठनी इकडेतिकडे बघितलं, कपाळ पुसलं, आणि त्यांची नजर पुन्हा त्या पट्टीच्या रेघेवर जाऊन थांबली. क्षितिजानं ती बघितली आणि वळून आक्काकडे बघितलं.

"चिंतू लिव," आक्का म्हणाली.

कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. या नावानं शेठना घराच्या बाहेर कोणी हाक मारत नव्हतं. घरातही एकटी आक्काच मारायची, तीही भाकरी वाढताना, दार लोटून.

"लिव गो. बघू तरी."

क्षितिजानं शेठकडे बघितलं. ते नाही म्हणाले नाहीत. तिनं लिहिलं.

आणि चिंतू उघडला. कंपाउंडातल्या सगळ्यात मोठ्या घरात दोन अक्षरं, वर वेलांटी छताला भिडू भिडू करणारी, खाली उकार फरशीपर्यंत, सगळं आपल्या हद्दीत. राघो त्याच्यापुढे घरगडी दिसायला लागला. पोरांनी एकच कल्ला केला, बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि राघोशेठची मिशीवरची बोटं मिशीवरच राहिली.

चिंतामणीशेठचे कान लाल झाले. क्षितिजाला वाटलं, आता हे टीव्ही फोडणार. पण ते आधी चिंतूकडे बघत होते, मग राघोच्या तोंडाकडे, मग परत चिंतूकडे. एका बाजूला अख्ख्या जन्माची इभ्रत आणि दुसऱ्या बाजूला राघोचं ते पडलेलं तोंड. बाप असता तर त्यानं काय निवडलं असतं हे त्यांना चांगलं माहीत होतं.

"राहू दे," ते म्हणाले.

"बघ," आक्का हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "जागा कवाच कमी नव्हती रं. तूच लांब झाला व्हतास."

हरलेला राघोशेठ मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याला कुठेतरी बोट घालायचंच होतं, आणि नकाशावर बोट घालण्यासारखी एकच जागा रिकामी होती.

"नी ही मधली बिननावाची पट्टी कोनाची? का ती बी चिंतूचीच?"

सगळ्यांच्या माना शेठकडे वळल्या. आक्काची सोडून. ती टीव्हीकडेच बघत राहिली, हात मांडीवर घट्ट धरून. एक 'हो' म्हटलं असतं तर भावकीत कोणी उलट बोललं नसतं, आणि आक्काही चारचौघांत भावाला खोटं पाडणारी नव्हती. क्षितिजाला हे सगळं माहीत होतं, शेठनाही होतं.

"माझी कशी असेल?" चिंतामणीशेठ म्हणाले. "आक्काची हाय. लिही गं तिचं नाव."

"आक्का लिहू?"

"आक्का काय? नाव न्हाय तिला?" ते एकदम चिडूनच म्हणाले, आणि कोणावर चिडले होते ते त्यांनाच माहीत. "बायजाबाई लिही. बायजाबाई दामोदर तरे."

हे नाव कमिटीतल्या निम्म्या लोकांनी पहिल्यांदाच ऐकलं. लग्नाच्या आधी शाळेत होतं ते, बापाच्या नावासकट. क्षितिजानं टाइप केलं, आणि नाव पट्टीत वळून उभं राहिलं, रस्त्यापासून खाडीपर्यंत, कंपाउंडातल्या कुठल्याही नावापेक्षा लांब. वाचायला सगळ्यांना मान वाकडी करावी लागली. शेठनीही केली.

"एवढं लांब क्याला?" आक्का म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवत नव्हती.

"पट्टी लांब हाय तुझी," चिंतामणीशेठ तिच्याकडे न बघता म्हणाले. "मावतंय."

प्रसादाचे पेढे वाटून होतात न होतात, तोच बाहेर ट्रेलरचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर उतरला आणि मोबाईल समोर धरून, मान एका खांद्यावर टाकून गेटातून आत आला. समोरच पांढऱ्या कपड्यांतले शेठ दिसले, त्यानं त्यांनाच विचारलं.

"शेठजी, ये बायजाबाई का गोडाऊन किधर पड़ेगा?"

राघोशेठ कान टवकारून दारात उभा होता. देवेशनं गॉगल पुन्हा डोळ्यांवर चढवला. चिंतामणीशेठनी आधी राघोकडे बघितलं, मग पेढा गिळला आणि हात लांब करून दाखवलं.

"वो सीधा जाओ," ते म्हणाले. "चिंतू के बाजू में."